श्वास चालू ठेवा: ओव्हरडोसचे मृत्यू रोखण्यासाठी वस्तीत काम सुरू करणाऱ्यांना

अफूवर्गीय द्रव्यांच्या ओव्हरडोसमध्ये माणूस दगावतो तो श्वास थांबून. हेरॉइन, फेंटॅनिल, मॉर्फीन, कोडीन, ट्रॅमाडॉल, मेथाडोन ही सगळी द्रव्ये मेंदूच्या बुडाशी असलेल्या श्वसनकेंद्राला मंद करतात. रक्तात कार्बन डायऑक्साइड साचला की श्वास घ्यायची जी आपोआप ऊर्मी येते, ती बोथट होते. श्वास आधी मंदावतो, मग उथळ होतो आणि शेवटी थांबतो. हृदय त्यानंतरही थोडा वेळ चालू असते. ऑक्सिजन पूर्ण तुटल्यावर साधारण चार ते सहा मिनिटांत मेंदूला कायमची इजा होऊ लागते.

पण श्वास थांबेपर्यंत बहुतेक वेळा अवधी मिळतो. हेरॉइन किंवा गोळ्यांच्या बाबतीत तो तास-दोन तासांचाही असू शकतो, फेंटॅनिलच्या बाबतीत काही मिनिटांचाच. या अवधीत शेजारी कुणी असले, त्याला लक्षणे ओळखता आली आणि मदत बोलावताना तो कचरला नाही, तर माणूस वाचतो. तीन अटी. त्यांतल्या दोन लाजेपायी मोडतात: नशा लपवायची म्हणून माणूस दार लावून एकटा बसतो, आणि बदनामी किंवा पोलिसांची भीती वाटते म्हणून सोबतचा फोन करत नाही. त्यामुळे जीव वाचवणे आणि बदनामी कमी करणे ही दोन वेगळी कामे समजू नका. एक सोडून दुसरे होत नाही.

ओव्हरडोस ओळखायचा कसा

तीन खुणा एकत्र दिसल्या तर अफूवर्गीय ओव्हरडोस धरून चला: हलवूनही माणूस जागा होत नाही, श्वास फार मंद किंवा बंद आहे, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या आहेत. बाहुल्यांवर मात्र फार विसंबू नका. सोबत दुसरे काही घेतले असेल किंवा मेंदूला बराच वेळ ऑक्सिजन मिळाला नसेल, तर त्या मोठ्याही दिसतात. श्वास हीच खरी खूण. घड्याळ लावून पंधरा सेकंद छाती पाहा. तेवढ्या वेळात दोनदा किंवा त्याहून कमी वेळा वर झाली, तर धोका आहे.

घशातून येणारी घरघर ही सर्वांत जास्त वेळा चुकीची समजली जाणारी खूण. घरचे म्हणतात, "गाढ झोपलाय, घोरतोय, झोपू दे." नशा केलेल्या माणसाचे अनोळखी, ओले, अडखळते घोरणे म्हणजे जीभ मागे पडून श्वासनलिका अडत असल्याचा आवाज असू शकतो. अशा माणसाला झोपू देऊ नका, उठवून पाहा.

ओठ आणि नखे निळी पडतात असे पुस्तकांत लिहिलेले असते. सावळ्या किंवा काळ्या त्वचेवर निळेपणा दिसत नाही, राखाडी किंवा फिकट झाक दिसते. खालचा ओठ उलटा करून आतला भाग आणि हिरड्या पाहा. त्वचा गार आणि चिकट लागते, अंग सैल पडलेले असते.

नुसती नशा चढलेला माणूस डुलक्या घेईल, जड जिभेने बोलेल, पण नावाने हाक मारली किंवा खांदा हलवला की काहीतरी प्रतिसाद देईल. प्रतिसाद आहे तोवर बसवून ठेवा, बोलत राहा, एकटे सोडू नका. प्रतिसाद बंद झाला की पुढचे सुरू करा.

प्रत्यक्ष काय करायचे

१. मोठ्याने नावाने हाक मारा, खांदे हलवा. उठला नाही तर मूठ आवळून बोटांच्या पेरांनी छातीच्या मधल्या हाडावर जोराने घासा, पाच ते दहा सेकंद. हे दुखते, आणि दुखायलाच हवे. तरीही हालचाल नसेल तर ओव्हरडोस समजा.

२. रुग्णवाहिका बोलवा. फोन स्पीकरवर ठेवा म्हणजे हात मोकळे राहतील. "माणूस बेशुद्ध आहे, श्वास घेत नाही" एवढे वाक्य आणि नेमका पत्ता आधी सांगा: मजला, दार, जवळची खूण. काय घेतले ते माहीत असेल तर रुग्णवाहिकेतल्या माणसांना आल्यावर सांगा, त्यांना त्याचा उपयोग होतो. दुसरे कुणी असेल तर त्याला रस्त्यावर उभे करा.

३. उताणे झोपवा. तोंडात गोळी, उलटी किंवा सैल कवळी दिसत असेल तर काढा, दिसत नसेल तर बोटे घालून चाचपडू नका. एक हात कपाळावर, दुसऱ्याची दोन बोटे हनुवटीखाली, डोके मागे झुकवा. एवढ्यानेच कधीकधी श्वास मोकळा होतो.

४. नॅलोक्सोन (अफूवर्गीय द्रव्याचा परिणाम उलटवणारे औषध, त्याबद्दल पुढे सविस्तर) हाताशी असेल तर आत्ता द्या. शोधायला जावे लागणार असेल तर आधी श्वास द्या, शोधायला दुसऱ्याला पाठवा.

५. कृत्रिम श्वास. नाक चिमटीत धरा, तोंडावर तोंड घट्ट बसवा (नॅलोक्सोनच्या किटमधली संरक्षक पट्टी मध्ये ठेवून), आधी दोन श्वास, मग दर पाच सेकंदांनी एक. प्रत्येक श्वासाला छाती वर आली पाहिजे. छातीऐवजी पोट फुगत असेल तर डोके पुरेसे मागे गेलेले नाही. नाडी लागत नसेल आणि तुम्हाला छाती दाबण्याचे प्रशिक्षण असेल तर तीस दाब आणि दोन श्वास हा क्रम धरा, नसेल तर फोनवरची व्यक्ती सांगेल तसे करा.

६. दोन-तीन मिनिटे झाली आणि श्वास सुरू झाला नाही तर नॅलोक्सोनची दुसरी मात्रा. मधली दोन-तीन मिनिटे नुसते बघत बसू नका, श्वास देत राहा. घाबरलेल्या हाताला दोन मिनिटे अर्ध्या तासासारखी वाटतात आणि लोक वीस सेकंदांत दुसरी मात्रा देऊन मोकळे होतात, म्हणून घड्याळ बघा.

७. श्वास सुरू झाला पण माणूस सुस्त आहे, किंवा तुम्हाला क्षणभर बाजूला जावे लागतेय, तर त्याला कुशीवर वळवा: वरचा गुडघा वाकवून जमिनीला टेकवा, वरचा हात गालाखाली. उलटी झाली तरी ती फुप्फुसात जात नाही.

८. मदत येईपर्यंत सोबत राहा. ती येऊच शकत नसेल तर किमान दोन तास.

शेवटच्या पायरीचे कारण नीट समजून घ्या, कारण वाचलेला माणूस हातचा जातो तो बहुधा इथे. नॅलोक्सोनचा परिणाम साधारण तीस ते नव्वद मिनिटे टिकतो. मेथाडोनसारखी द्रव्ये शरीरात त्याहून कितीतरी जास्त वेळ राहतात. औषध उतरले की तीच नशा पुन्हा श्वास दाबू शकते. त्यात जागा झालेला माणूस अस्वस्थ, घामाघूम, मळमळणारा असतो आणि ते शमवायला लगेच पुन्हा घ्यावेसे वाटते. त्याला शांतपणे सांगा: "तुझा श्वास थांबला होता. औषध दिलंय. बरं वाटत नाहीये ते तासाभरात कमी होईल. आत्ता पुन्हा घेतलंस तर चढणार नाही, आणि औषध उतरलं की सगळं एकदम अंगावर येईल." ओरडू नका, हिशेब मागू नका.

नॅलोक्सोन

हे औषध मेंदूतल्या ज्या जागी अफूवर्गीय द्रव्य चिकटते तिथून त्याला हटवून स्वतः बसते. त्याची नशा नाही, सवय नाही. शरीरात अफूवर्गीय द्रव्य नसेल तर ते काहीही करत नाही, त्यामुळे शंका असेल तरी द्यावे. अमेरिकेत त्याला १९७१ मध्ये मान्यता मिळाली, शिकागोत १९९६ पासून ते थेट नशा करणाऱ्यांच्या हाती दिले जाऊ लागले, आणि २०१४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने ओव्हरडोस डोळ्यांसमोर घडण्याची शक्यता असलेल्या सामान्य लोकांपर्यंत ते पोहोचवावे अशी शिफारस केली. १९९६ ते जून २०१४ या काळात अमेरिकेतल्या अशा कार्यक्रमांनी १,५२,२८३ लोकांना किट दिले आणि त्यांच्याकडून २६,४६३ वेळा माणूस परत आणल्याची नोंद झाली. यांतली बहुतेक माणसे नशा करणाऱ्या सोबत्यांनीच वाचवली. हे वाक्य कामाला लागण्यापूर्वी पुन्हा एकदा वाचा, पुढे किट कुणाला द्यायचे हे त्यावरच ठरते.

नाकातला फवारा बहुधा ४ मिलिग्रॅमचा असतो. आधी दाबून चाचणी घेऊ नका, आत एकच मात्रा असते आणि ती हवेत उडून जाते. नवख्यांची ही चूक सर्वांत जास्त दिसते. टोक एका नाकपुडीत पूर्ण घाला, मग दट्ट्या एकदाच दाबा. इंजेक्शनच्या कुपीत बहुतेक वेळा १ मिलिलिटरमध्ये ०.४ मिलिग्रॅम असते. सगळे औषध सिरिंजमध्ये ओढा आणि मांडीच्या बाहेरच्या स्नायूत किंवा दंडाच्या वरच्या भागात सुई सरळ आत घालून द्या. पातळ कपड्यातून दिले तरी चालते. काचेची कुपी फोडताना कापड गुंडाळा. हात थरथरत असतात, बोट कापते.

उद्दिष्ट श्वास सुरू करणे हे आहे, ताडकन उठवून बसवणे हे नाही. श्वास नीट चालू झाला की माणूस अर्धवट झोपेत असला तरी आणखी मात्रा देऊ नका. जास्त औषधाने तीव्र त्रास सुरू होतो आणि पुढच्या वेळी तोच माणूस "मला ते देऊ नका" म्हणतो.

किट उन्हात, गाडीत किंवा बर्फाच्या कप्प्यात ठेवू नका. मुदत संपलेले बदला, पण ऐनवेळी तेवढेच हाताशी असेल तर तेच वापरा.

झोपेच्या व चिंतेच्या गोळ्या, दारू, प्रीगॅबालिन (मज्जातंतूंच्या वेदनेचे औषध), झायलाझिन (जनावरांना गुंगी आणणारे औषध) यांच्यावर नॅलोक्सोन चालत नाही. मिश्रण असेल तर औषध देऊनही माणूस जागा होईलच असे नाही, पण श्वास सुधारू शकतो. म्हणूनच प्रशिक्षणात फवाऱ्यापेक्षा कृत्रिम श्वासावर जास्त वेळ घालवा.

जे करू नये

थंड पाणी ओतणे, बर्फ लावणे, मीठपाण्याचे किंवा दुधाचे इंजेक्शन, उलटी करवणे, कॉफी पाजणे, दुसरे उत्तेजक टोचणे, गालावर सपासप मारणे. यांतल्या एकानेही श्वास सुरू होत नाही. काहींनी नवी इजा होते आणि सगळ्यांनी मिनिटे जातात. वस्तीत हे उपाय पिढीजात ज्ञानासारखे फिरत असतात. ते सांगणाऱ्याला हसू नका. त्याला कुणाला तरी वाचवायचे होते.

फेंटॅनिलला हात लागला तर आपणही बेशुद्ध पडू, ही भीती आता बरीच पसरली आहे. पूड त्वचेला लागल्याने किंवा जवळ उभे राहिल्याने ओव्हरडोस होत नाही. हातमोजे घाला, काम झाल्यावर साबण-पाण्याने हात धुवा, एवढे पुरे. या अफवेमुळे लोक श्वास द्यायला कचरतात, म्हणून ती प्रशिक्षणात नाव घेऊन खोडा.

उत्तेजकांचा, म्हणजे कोकेन किंवा मेथॲम्फेटामाइनचा प्रकार वेगळा आहे. छातीत दुखणे, अंग भट्टीसारखे तापणे, झटके, भ्रम ही त्याची लक्षणे. गार जागी न्या, कपडे सैल करा, ओल्या फडक्याने अंग पुसा, झटक्यात धरून ठेवू नका, रुग्णवाहिका बोलवा. मात्र असा माणूस बेशुद्ध होऊन श्वास मंदावला तर नॅलोक्सोन द्या, कारण उत्तेजकातही फेंटॅनिल मिसळलेले सापडते.

धोका कधी वाढतो

सर्वांत मोठा धोका खंड पडल्यानंतरचा. काही दिवस नशा बंद राहिली की शरीराची सवय उतरते, पण डोक्यात जुनी मात्रा तशीच असते. तुरुंगातून सुटणे, रुग्णालयातून घरी येणे, व्यसनमुक्ती केंद्रातून बाहेर पडणे: घरच्यांना हे दिवस आनंदाचे वाटतात, आणि धोक्याचे दिवस हेच. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तुरुंगातून सुटल्यानंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत ओव्हरडोसने मृत्यूचा धोका सर्वसामान्यांच्या १२९ पट आढळला. तुमच्या कामाची पहिली यादी इथूनच करा: अशा सुटकेच्या जागा कोणत्या, आणि बाहेर पडणाऱ्याच्या हाती त्याच दिवशी किट कसे जाईल.

यानंतर अनेक द्रव्ये एकत्र घेणे (विशेषतः दारू आणि झोपेच्या गोळ्यांबरोबर), नवा विक्रेता, अलीकडेच होऊन गेलेला ओव्हरडोस, फुप्फुस-यकृताचे आजार. आणि एकटेपणा. घेणाऱ्याला सांगायच्या गोष्टी साध्या आहेत: एकट्याने घेऊ नकोस, दोघांनी एकाच वेळी घेऊ नका, खंडानंतर अगदी थोडे घेऊन थांब, दार आतून लावू नकोस, किट दिसेल असे ठेव. हे सांगणे म्हणजे नशेला परवानगी देणे नव्हे. माणूस जिवंत राहिला तरच उपचारापर्यंत पोहोचेल.

फेंटॅनिल तपासणीच्या पट्ट्या मिळत असतील तर वापरायला शिकवा. नमुना पाण्यात विरघळवून पट्टी साधारण पंधरा सेकंद बुडवायची आणि सोबतच्या कागदावर दिलेल्या वेळेनंतर वाचायची. एक रेघ म्हणजे फेंटॅनिल आहे, दोन रेघा म्हणजे आढळले नाही. गर्भधारणेच्या चाचणीच्या नेमके उलट, आणि घोटाळा होतो तो यातच. पुडीत द्रव्य सारखे मिसळलेले नसते, त्यामुळे एका कोपऱ्यातला नमुना स्वच्छ निघाला तरी दुसऱ्यात फेंटॅनिल असू शकते. मेथॲम्फेटामाइन तपासताना पाणी कमी पडले तर खोटी "आहे" अशी रेघ येते.

घरातल्या वेदनाशामक औषधांकडेही बघा. वृद्धाला दिलेल्या गोळ्या कुलपात हव्यात. फेंटॅनिलच्या वापरलेल्या चिकटपट्टीतही औषध उरलेले असते. चिकट बाजू आत घडी घाला आणि मुलाच्या हाती लागणार नाही अशी नष्ट करा.

किट कुणाला, प्रशिक्षण कसे

किटमध्ये किमान दोन मात्रा, हातमोजे, तोंडावरची संरक्षक पट्टी, इंजेक्शन असेल तर सिरिंजा, आणि चित्रांचे एक कार्ड. अक्षरे मोठी, वाक्ये पाचच.

पहिली किटे नशा करणाऱ्यांना आणि त्यांच्या जोडीदारांना द्या. मग घरच्यांना, मग लॉज, सार्वजनिक स्वच्छतागृह, निवारा सांभाळणाऱ्यांना. प्रतिष्ठितांना प्रशिक्षण देऊन छायाचित्रे काढणे सोपे असते, पण श्वास थांबतो तेव्हा ते तिथे नसतात. आणखी एक नेहमीची गत: किट कार्यालयाच्या कपाटात, किल्ली सुट्टीवर गेलेल्याकडे. किट कुलूपबंद ठेवू नका.

प्रशिक्षणाला तासभर पुरतो. पंधरा मिनिटे ओळख, उरलेला वेळ हाताने करणे: प्रत्येकाने पुतळ्यावर श्वास द्यावा, रिकाम्या फवाऱ्याने सराव करावा, फोनवरचे वाक्य मोठ्याने म्हणावे. व्याख्यान ऐकलेला माणूस ऐनवेळी गोठतो.

मदत बोलावणाऱ्याला कायदा किती संरक्षण देतो ते देशागणिक वेगळे आहे. प्रशिक्षणापूर्वी वकिलाकडून विचारून घ्या आणि आहे तेच सांगा. खोटा दिलासा दिला आणि एकालाही अटक झाली, तर पुढे कुणी फोन करणार नाही. पोलीस चौकीशी आधीच बोला: ओव्हरडोसच्या फोनवर प्राधान्य जीव वाचवण्याला, झडतीला नाही.

नोंद ठेवा, पण नावे नकोत. तारीख, ढोबळ भाग, किती मात्रा लागल्या, माणूस वाचला का. नावांची वही कुणाच्या हाती पडेल सांगता येत नाही, आणि तशी वही आहे एवढी कुणकुण लागली तरी लोक यायचे थांबतात.

शब्द आणि लाज

"गर्दुल्ला", "चरसी", "नशेडी", "वाया गेलेला". हे शब्द आपल्या तोंडात इतके रुळलेले आहेत की मदत करणारेही ते वापरतात. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात पाचशेहून अधिक मानसिक आरोग्य तज्ज्ञांना एकाच माणसाचे वर्णन दोन तऱ्हांनी दिले गेले. फरक फक्त शब्दाचा होता: काहींना तो "नशेचा गैरवापर करणारा" म्हणून, काहींना "नशेचा विकार असलेला" म्हणून. पहिला शब्द वाचणाऱ्यांनी त्याला जास्त दोषी धरले आणि शिक्षेकडे जास्त कल दाखवला. शिकलेल्या, रोज उपचार करणाऱ्या माणसांची ही गत.

"नशा करणारी व्यक्ती", "व्यसनाचा आजार असलेली व्यक्ती" म्हणा. पुन्हा घेतले तर "घसरला" नको, "पुन्हा सुरू झाले" पुरे. तपासणीचा अहवाल "खराब आला" नको, "अंश आढळला" म्हणा. समोरचा स्वतःला गर्दुल्ला म्हणत असेल तर त्याला मात्र दुरुस्त करत बसू नका. तो त्याचा हक्क आहे.

शब्दांनी सुरुवात होते, तेवढ्याने भागत नाही. कवटीची चित्रे आणि सुया दाखवणारी पोस्टर्स घाबरवतात, आणि घाबरलेला माणूस जास्त लपतो. मत बदलते ते ओळखीने: ज्याने त्रास भोगला आहे त्याच्याशी समोरासमोर बोलणे झाले की. मात्र कुणालाही व्यासपीठावर ढकलू नका. काय सांगायचे, काय नाही, छायाचित्र चालेल का, हे आधी त्यानेच ठरवावे, आणि आयत्या वेळी नको म्हणाला तर कार्यक्रम त्याच्याशिवाय व्हावा. औषध दुकानदार, रुग्णालयाचा नोंदणी कक्ष, शाळेतले शिक्षक यांच्याशी लहान गटांत बोला. नोंदणी कक्षातला एक तुच्छ कटाक्ष माणसाला वर्षभर रुग्णालयापासून दूर ठेवतो.

व्यसनावरचा उपचार म्हणून मेथाडोन किंवा बुप्रेनॉर्फिन घेणाऱ्यांना "एक नशा सोडून दुसरी" असे टोमणे मारले जातात, कधी तर बरे झालेल्यांकडूनच. ही दोन्ही औषधे जागतिक आरोग्य संघटनेच्या आवश्यक औषधांच्या यादीत आहेत आणि ती चालू असेपर्यंत मृत्यूचा धोका स्पष्टपणे कमी राहतो. मेथाडोनचे पहिले चार आठवडे आणि कोणतेही उपचार सोडल्यानंतरचे चार आठवडे मात्र जपून. नुसती नशा तोडून औषधाविना घरी पाठवणे हा सर्वांत धोक्याचा मार्ग आहे, कारण सवय उतरते, ओढ तशीच राहते.

ओव्हरडोसनंतर

वाचलेल्याकडे एक ते तीन दिवसांत जा. दोघेच, गणवेशाविना. जेवलास का, झोप लागते का, इथून सुरुवात करा. नवे किट द्या, उपचार हवे असतील तर त्याच दिवशी घेऊन जायची तयारी ठेवा. "पुढच्या आठवड्यात या" म्हटले की ती वेळ निघून जाते. नको म्हणाला तर पुन्हा कधी येऊ ते विचारून निघा.

मृत्यू झाला तर घरच्यांना भेटा. अनेकदा शेजारी फिरकत नाहीत, कारण "कशाने गेला" हे विचारायची चोरी होते. गेलेल्याचे नाव घ्या, त्याच्याबद्दल विचारा. ३१ ऑगस्ट हा आंतरराष्ट्रीय ओव्हरडोस जागरूकता दिवस २००१ मध्ये मेलबर्नमध्ये सुरू झाला, त्या दिवशी नावे वाचून दिवे लावता येतात, कुटुंबाने होकार दिला तरच. बातमीदाराने विचारले तर पद्धत, किंमत, जागा सांगू नका, मदत कुठे मिळते ते सांगा.

ज्याने श्वास दिला आणि तरी माणूस गेला, त्या स्वयंसेवकाला त्याच संध्याकाळी फोन करा. काय घडले ते क्रमाने सांगू द्या, मध्ये चुका काढू नका. वापरलेल्या मात्रांच्या जागी दुसऱ्या दिवशी नवे किट त्याच्या हाती पोहोचवा, आणि त्याला काही दिवस सुट्टी हवी का ते विचारा.